माथा त्यांचा, मग रान कुणाचं?



नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीला 2007 मध्ये शंभर वर्षं भरली. 26 जुलै 2005 च्या पुरात गाडीची वाट उद्ध्वस्त झाली होती. तीही दुरुस्त होऊन गाडी पुन्हा चालू झाली. आता जो तो म्हणतो, ही गाडी म्हणजे वारसा. दार्जिलिंगच्या गाडीला 1999 साली आणि निलगिरीच्या गाडीला 2005 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, तसा हिलाही मिळावा. पर्यटक वाढतील, गाडी जगेल आणि गाडीबरोबर माथेरान जगेल.

जगू दे. गाडीला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण या हिशोबात गाडी आहे, माथेरान आहे, हॉटेल आहे, पाहुणा आहे. मधला डोंगर कुठे आहे? डोंगराच्या अंगावर बसलेल्या आमच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या कुठे आहेत?

माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, असं सांगतात. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट वर चढला आणि त्याने माथेरान शोधलं, असं पुस्तकात लिहितात. आमचे वाडवडील तेव्हा याच रानात कंद खणत होते. ते कुणाला हरवलेले नव्हते! पुढे पीरभाय घराण्याने 16 लाख रुपये घालून 1907 साली गाडी चालू केली. पैसा घालणाऱ्याचं नाव राहिलं, ते राहावंच. पण कडा फोडणाऱ्याचं आणि घमेलं उचलणाऱ्याचं नाव आम्ही अजून कुठल्या पाटीवर वाचलेलं नाही.

आम्हाला सांगतात, "पर्यटक आला की तुम्हालाही काम मिळेल." काम मिळतं, खोटं नाही. पहाटे डोंगर चढायचा, दस्तुरीवर पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घ्यायच्या, संध्याकाळी उतरायचं. पाऊस लागला की गाडी बंद, पाहुणा बंद, मजुरी बंद. बाया वैशाखात करवंद, जांभळाच्या पाट्या घेऊन वर जातात, तर त्यांना बसायला हक्काची जागा नाही. आज इथून उठवलं, उद्या तिथून. याला आम्ही भरभराट म्हणायची का? गाडीच्या वाटेवर वॉटर पाईप नावाचं स्टेशन आहे. इंजिनाला पाणी लागतं हे शंभर वर्षांपूर्वी कळलं. वाडीतल्या बाईला पाणी लागतं हे कधी कळणार?

आता खरा मुद्दा नीट वाचा. ही गाडी सुमारे 21 किलोमीटर डोंगराच्या अंगावरून वळत वळत जाते. रूळ फक्त दोन फुटी. झाड तुटलं की माती सुटते, माती सुटली की दरड येते, दरड आली की गाडी बंद. 2005 ला सगळ्यांनी पाहिलं की डोंगर खचला तर काय होतं. म्हणजे गाडी टिकायची तर रान टिकलं पाहिजे. रान टिकायचं तर तिथं राहणाऱ्याचा त्याच्यावर हक्क पाहिजे. ज्याला उद्या हाकलतील अशी भीती आहे, तो झाड कुणासाठी राखील? वणवा दिसला तर पहिला धावणारा वाडीचाच माणूस असतो. खात्याची गाडी तिथवर पोचत नाही.

2003 साली माथेरानचा भाग पर्यावरणासाठी संवेदनशील ठरला. चांगलंच झालं. पण आमचा अनुभव असा, की नियमाचा कागद कुडाच्या घराला पहिला दाखवतात आणि बंगल्याच्या कुंपणापर्यंत जाताना कागद भिजतो.

म्हणून आम्ही भीक मागत नाही, वाटा मागतो :

1. नेरळ, जुम्मापट्टी आणि माथेरान स्टेशनांवर वाडीच्या बायांच्या गटांना रानमेवा, मध, भाजी विकायला कायमची जागा द्या. गाडीत पाट्या ठेवायला डबा द्या आणि वाडीच्या माणसाला परवडेल असं तिकीट ठेवा.

2. रुळाकाठचे बांध, गटारं, झाडं लावणं ही कामं ठेकेदाराच्या बाहेरच्या टोळीला न देता वाड्यांना द्या, पुरत्या मजुरीने. पावसाळ्यापूर्वीचं हे काम दर साली निघतंच.

3. डोंगरावर नवीन काही बांधायचं तर आधी वाडीच्या ग्रामसभेला विचारा.

आता आपलं काम. वनहक्काचा कायदा 2006 चा आहे आणि त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू आहेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण कसत असलेली जमीन, मग ती दळी असो की आणखी काही, तिचा दावा करता येतो. ग्रामसभा घ्या. 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा, त्यात तिसरा हिस्सा तरी बाया पाहिजेत. जुनी पावती, दंडाचा कागद जपून ठेवा. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. नुसते जमिनीचे दावे करून थांबू नका. रानमेवा, चराई, जंगल राखण्याचा हक्क यांचा सामूहिक दावा वेगळा भरा. रस्ता, शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी यांसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन मागता येते, त्यालाही ग्रामसभेची शिफारस लागते. आजारी बाई झोळीत घालून उतरवायची वेळ येते, तिला पायवाट नाही, रस्ता पाहिजे.

आणि एक लक्षात ठेवा. गाडीचं नाव मोठं झालं की जमिनीचा भाव चढतो आणि दलाल वाडीत येतो. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. दारूच्या बाटलीवर तर नाहीच नाही.

माथेरानच्या दुकानदारांना, घोडेवाल्यांना, हमालांना आमचं सांगणं आहे : तुमचं पोट आणि आमचं पोट एकाच डोंगरावर आहे. खालून डोंगर सुटला तर वरचा बाजार राहणार नाही. आमच्या मागणीवर आमच्याबरोबर उभे राहा.

गाडी चालू दे, गाव वाढू दे. पण वाडीला सोडून चाललेली गाडी आम्ही वारसा मानणार नाही. दाव्याचे अर्ज भरा, ग्रामसभेचा ठराव वहीत लिहा, त्याची नक्कल आपल्यापाशी ठेवा.

जिंदाबाद!