औषध मारण्याआधी नीट बघा

पाण्याच्या टाकीखाली किंवा गॅलरीच्या छताला काही लटकलेलं दिसलं, की सोसायटीत लगेच औषध मारणाऱ्याला फोन जातो. माझी कळकळीची विनंती आहे : आधी लांबून, शांतपणे बघा. मधमाशा आहेत की गांधीलमाश्या, यावर पुढचं सगळं ठरतं.

माशीपेक्षा तिचं घर ओळखणं सोपं. गांधीलमाशी लाकडाचा भुसा चावून, लाळेत कालवून पोळं बांधते. ते राखाडी, कागदासारखं दिसतं. मधमाशीचं पोळं मेणाचं. त्यातली सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, तर फुलोरी झुडपाच्या फांदीवर लहानसं पोळं करते. उंच इमारतीला, कड्याला उघड्यावर लोंबणारं, माशांच्या थराने झाकलेलं एकच भलंमोठं पोळं आग्या मोहोळाचं. खिडकीच्या चौकटीवर मातीचे इवलेसे घडे दिसले तर ती कुंभारमाशी. ती एकटी राहते, अंगावर धावून येत नाही. तिला राहू द्या.

माशी जवळून दिसलीच तर अंगावरची लव आणि मागच्या पायांवरच्या परागाच्या गोळ्या बघा, त्या मधमाशीच्या. गांधीलमाशी गुळगुळीत, बारीक कमरेची. मिठाईच्या दुकानात मात्र दोघी येतात, त्यामुळे गोडावर बसली म्हणजे मधमाशीच, असं समजू नका.

गांधीलमाश्याही उगाच मारू नका. त्या पिकावरच्या अळ्या पकडून पिल्लांना भरवतात. पोळं दाराच्या तोंडाशी किंवा मुलांच्या हाताला येईल असं असेल, तरच जाणकाराकडून काढून घ्या. फांदीवर अचानक मधमाशांचा घोस लटकला, तर तो बहुधा नव्या जागेच्या शोधात थांबलेला थवा असतो. बऱ्याचदा एकदोन दिवसांत उडून जातो. आग्याही हंगाम सरला की जागा सोडतात. तोवर खाली धूर, फटाके, दगड काही नको. जागा अगदीच अडचणीची असेल तर मधपाळांना विचारा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. आणि औषध मारलेल्या पोळ्यातला मध कुणीही, कधीही खाऊ नये.

गडावर किंवा लेण्यांत आग्या उठलेच तर हात झाडत उभे राहू नका. तोंड-डोकं झाका आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरेपर्यंत पळत सुटा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. मधमाशीचा काटा कातडीत अडकतो आणि त्याची पिशवी विष सोडत राहते, शिवाय त्याच्या वासाने बाकीच्या माशा तिथेच येतात. म्हणून नखाने, जमेल तसा, पण ताबडतोब काढा. गांधीलमाशीचा काटा अडकत नाही. ती पुन्हापुन्हा डंख मारू शकते. चावा कुणाचाही असो : ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर चुना-हळद लावत घरी बसू नका. थेट रुग्णालय गाठा.