काचेच्या भांड्यातलं पोट

ताटातलं सगळं संपवलं म्हणजे सगळं अंगी लागलं, असं मुळीच नाही! जे पचतं तेच शरीराच्या कामाचं. उरलेलं बाहेर जातं. डुकरांचंही अगदी तसंच.

डेन्मार्क या छोट्याशा देशात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत. जव, गहू, सोयाबीनची पेंड हे त्यांचं खाद्य. डुकरं पाळण्यात सगळ्यात मोठा खर्च या खाद्याचाच. शिवाय न पचलेला भाग विष्ठेतून पडतो आणि त्यातला नत्र व स्फुरद फार झाला, तर ओढे-तळी बिघडतात. म्हणून कोणतं खाद्य किती पचेल, हे आधी कळायला हवं.

पण कळणार कसं? डुकराला अरुंद पिंजऱ्यात ठेवायचं, मोजून खायला घालायचं आणि कित्येक दिवस विष्ठा गोळा करून तपासायची. काही प्रयोगांत तर शस्त्रक्रिया करून आतड्याला नळी बसवतात. वेळ जातो, पैसा जातो आणि मुक्या जनावराला त्रास होतो तो वेगळाच.

यावर बॉइसेन आणि फर्नांडेझ या डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये एक युक्ती मांडली. काचेच्या भांड्यातच पोट तयार करायचं! दळलेलं खाद्य घ्यायचं फक्त अर्धा ग्रॅम. भांडं ठेवायचं 40 अंश सेल्सियसच्या आसपास, कारण डुकराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. मग तीन पायऱ्या :

1. जठर : आम्ल आणि पेप्सिन, 2 तास.
2. लहान आतडं : आम्लपणा कमी करून स्वादुपिंडातली विकरं, म्हणजे पाचक रसायनं, 4 तास.
3. मोठं आतडं : इथे खरं तर जिवाणू काम करतात. त्यांच्याऐवजी बुरशीपासून मिळवलेली, तंतुमय भाग फोडणारी विकरं, 18 तास.

बेरीज केलीत? बरोबर 24 तास! मग सगळं गाळायचं, उरलेला चोथा वाळवायचा आणि तोलायचा. कोरडं खाद्य 500 मिलिग्रॅम होतं आणि चोथा 100 उरला, तर 80 टक्के पचलं.

मग आता डुकरांची गरजच नाही का? तसं नाही. काचेला आतड्यासारखं शोषून घेता येत नाही. भांड्याला वयही नसतं. पिल्लू आणि मोठं डुक्कर सारखं पचवत नाहीत. म्हणून भांड्यातले आकडे खऱ्या डुकरांच्या आकड्यांशी ताडून पाहावेच लागतात. शिवाय पहिल्या दोन पायऱ्यांतली विकरं येतात तीही बहुधा डुकरांकडूनच! पण शंभर नमुन्यांतून चांगले चार-पाच निवडायचं काम भांडं करतं. तेवढीच डुकरं पिंजऱ्यातून वाचतात.

आता तुमची पाळी! 500 मिलिग्रॅमपैकी 60 मिलिग्रॅम चोथा उरला, तर किती टक्के पचलं?

(उत्तर : 88 टक्के)