कपडे सोडा, कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा

एखाद्या गाण्यावरून वाद झाला की आपली चर्चा एकाच ठिकाणी अडकते: बाईने कपडे किती घातलेत? माझं म्हणणं, कपडे सोडा. कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा.

नऊवारी नेसलेली लावणी कलावंत घ्या. बैठकीत ती समोरच्याच्या नजरेला नजर देते, भुवई उडवते, एखाद्याची फिरकीही घेते. तिथे बघणाऱ्याकडेही कुणीतरी बघत असतं. तीच लावणी पडद्यावर आली की आधी घुंगरू, मग कंबर, मग पाठ, मग ओठ. मधूनमधून आवंढा गिळणारे चार पुरुष. म्हणजे कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, हेही ठरवून दिलेलं! अख्खी बाई दिसेपर्यंत अर्धं गाणं संपतं.

ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ सालीच यातल्या दोन तऱ्हा सांगितल्या. एक, चोरून बघण्याची मजा. दुसरी, माणूस बाजूला सारून नुसतं रूप, नुसता अवयव पूजेला लावणं.

हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’मध्ये (१९५४) पाय मोडलेला फोटोग्राफर खिडकीतून शेजाऱ्यांची घरं न्याहाळत बसतो. त्याच्यासोबत आपणही. शेवटी समोरचा माणूस थेट आपल्याकडे बघतो आणि आपण दचकतो. चोरी पकडली गेली ना! आपले बहुतेक दिग्दर्शक मात्र ही चोरी कधी पकडूच देत नाहीत.

‘सिनेमा आहे हो, एवढं काय’ म्हणणाऱ्यांसाठी. बाईचे खासगी क्षण चोरून बघणं, चित्रित करणं हा २०१३ पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. तरी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका लोकप्रिय नृत्यांगनेचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढला गेला आणि गावोगावच्या मोबाइलवर फिरला. गुन्हेगार सिनेमाने तयार केला, असं मी म्हणणार नाही. पण तो पुढे ढकलताना शेकडो हातांना काहीच वाटलं नाही, ती सवय कुठून आली?

गेल्या वर्षी जत्रेत माझ्या शेजारी एक पोरगा शूटिंग करत होता. वय असेल तेरा-चौदा. स्टेजवर बाई जीव तोडून नाचत होती, याच्या स्क्रीनवर फक्त कंबर. त्याला हे कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आपणच दाखवलं होतं.

बंदी नकोच. बंदीने लावणीवाल्या बाईचंच पोट मारलं जातं. फक्त पुढचं गाणं लागलं की एवढं करा: तिचा चेहरा पहिल्यांदा कितव्या सेकंदाला दिसतो, ते मोजा. आकडा खाली कमेंटमध्ये टाका.