शब्द उरले, चाल गेली

पावसाळ्यात बोरी नदीला पूर आला की आमच्या नळदुर्गचा पाणीमहाल पाहायला लांबलांबून माणसे येतात. बंधाऱ्याच्या पोटातल्या त्या दालनावरून नर-मादीचे दोन धबधबे कोसळत असतात. हे काम १६१३ सालचे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले. हा बादशहा गाणेवेडा होता. त्याने दखनीत ‘किताब-ए-नवरस’ रचली आणि गीते रागवार लावली. पुस्तक आजही आहे. पण ती गीते तेव्हा कशी गायली जात, हे सांगणारे कोणी नाही. शब्द उरले, रागांची नावे उरली, चाल गेली.

त्याच काळात इंग्लंडात ऑर्लंडो गिबन्स नावाचा संगीतकार होता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये तो पोरवयात गात असे. १६२५ साली तो वारला, त्यानंतर दोनच वर्षांनी आपला इब्राहिम. गिबन्सची भक्तिगीते मात्र आजही गायली जातात आणि मी ती नळदुर्गात घरी बसून ऐकतो. असे का व्हावे?

पहिले कारण स्वरलिपी. सतराव्या शतकाच्या मध्यात प्युरिटन राजवटीत तिथल्या चर्चमधले गायन बंद पडले. १६६० नंतर ते पुन्हा उभे राहिले, कारण सूर कागदावर उतरलेले होते. दुसरे कारण नेम. सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये स्थापलेल्या या कॉलेजात सोळा मुले आणि त्यांच्या जोडीला तरुण विद्यार्थी सत्राच्या दिवसांत जवळजवळ रोज संध्याकाळी गातात. समोर श्रोते किती, हा प्रश्नच नाही. आपल्या हरिपाठासारखेच म्हणा ना!

तिसरे कारण ध्वनिमुद्रण. त्यांची नाताळची प्रार्थना बीबीसीने १९२८ मध्ये प्रथम प्रक्षेपित केली. १९६३ साली डेव्हिड विलकॉक्स यांच्या दिग्दर्शनाखाली अलेग्रीच्या ‘मिझेरेरे’चे मुद्रण झाले. त्यातला उंच स्वर रॉय गुडमन या बारा वर्षांच्या मुलाचा आहे. मुलाचा आवाज चार-दोन वर्षांत फुटतो. तो आवाज केव्हाच गेला. तबकडीत मात्र तो तसाच बारा वर्षांचा राहिला. २०१२ पासून तर कॉलेज स्वतःच्या नावानेच मुद्रणे काढते.

कोणी म्हणेल, आपले गाणे मौखिक. ते डबीत बंद केले की गोठते. रागसंगीतापुरते हे खरे मानू, कारण तिथे गुरू आहे, शिष्य आहे. पण खंडोबाचे जागरण गाणाऱ्या वाघ्या-मुरळीचे काय? अणदूर-नळदुर्गचा देव दोन गावांत वस्ती करतो, पौषात इथे यात्रा भरते, दिमडी-तुणतुण्यावर रात्र जागते. त्या गाण्यांना ना स्वरलिपी, ना शाळा. गाणाऱ्याची मुले दुसऱ्या धंद्याला लागली की चाल त्याच्याबरोबरच जाणार.

मुद्रणयंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पण दोन मिनिटांची हौशी चित्रफीत म्हणजे जतन नव्हे. गाणाऱ्याला मान आणि मानधन देऊन संपूर्ण जागरण नीट मुद्रित करावे, कोण गातो आणि कोणाकडून शिकला ते लिहून ठेवावे, एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते ऐकून शिकणारी चार पोरे तयार करावीत. केंब्रिजची तबकडी टिकली, कारण तिच्यामागे रोज गाणारी मुले आहेत.

चारशे वर्षांपूर्वी आपण पाणी अडवले. सूर मात्र वाहून गेला. आता तरी तो अडवायला हवा.