यंत्राचा गोठा

हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कनेरगाव नाका लागतो. या गावाच्या नावाला चिकटलेला ‘नाका’ हा शब्द एका जुन्या सरहद्दीची खूण आहे. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, आणि अशा सरहद्दींवर बसलेले करोडगिरीचे अंमलदार येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतला जिन्नस पाहून, त्याची दप्तरात नोंद करून, मगच तिला पुढे सोडीत. 1948 मध्ये निजामाचे राज्य संपले, 1956 च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात आले, आणि आता आश्विनात या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले तर हडंबा म्हणजे मळणीयंत्र जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक कुणाचीही परवानगी न घेता जाताना दिसतात. त्यांतील एखाद्या मालकाला थांबवून, ‘इंजिनातले तेल शेवटचे केव्हा बदलले?’ असे विचारले तर तो थोडा वेळ आठवतो आणि ‘मागच्या साली असेल’ असे सांगतो. सात-आठ लाखांच्या ऐवजाची एवढीच काय ती नोंद असते, आणि ती मला गेली कित्येक वर्षे अस्वस्थ करीत आली आहे.

खडक, वाळू, चिखल, बर्फ अशा कुठल्याही भूमीवर चालणाऱ्या लहान सर्वभूगामी वाहनांची पाश्चात्त्य देशांत आज मोठी चलती आहे. होंडा कंपनीने 1970 साली तीन जाड फुगीर चाकांचे असे एक वाहन अमेरिकेत विक्रीस आणले, पुढे त्याची चार चाके झाली, आणि तिकडचे शेतकरी व रानरखवालदार ते रोजच्या कामाला वापरू लागले. आपल्याकडे ते बहुधा समुद्रकिनाऱ्यावर हौशी प्रवाशांना फिरवताना दिसते. पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या, चिकट, पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणाऱ्या जमिनीत ज्याचा निभाव लागतो असे सर्वभूगामी वाहन एकच, आणि ते म्हणजे ट्रॅक्टर. नांगरट, पंजी, रोटावेटर, पेरणी, सोयाबीनची मळणी, हळदीची वाहतूक, आजाऱ्याला फाट्यापर्यंत पोहोचवणे आणि लग्नाचे वऱ्हाड नेणे ही सगळी कामे तोच करतो.

ज्या बैलाची जागा त्याने घेतली, त्या बैलाचा संसार मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. बैलाला गोठा होता, गव्हाण होती, हिवाळ्यात अंगावर झूल होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होई, आणि जू ओढून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना हळद व लोणी चोळताना कुठे सूज आहे, कुठे कातडे सोलले आहे हे मालकाच्या हाताला आपोआप कळे. बैलाने वैरण सोडली तर त्या रात्री घरातले कर्ते माणूस झोपत नसे. दसऱ्याला ट्रॅक्टरच्या तोंडावर झेंडूचा हार आपण मनोभावे घालतो, पण त्याच्या धुऱ्यांवर, सांध्यांवर जी वंगणाची बोंडे आहेत, त्यांत जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरणे हीच त्याची खांदेमळणी आहे, हे ध्यानात घेत नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला एका नुकसानीने दिला आहे. काही वर्षांपूर्वी पेरणी उरकल्यावर, आषाढाच्या अखेरीस, आम्ही आमचा ट्रॅक्टर शेतातल्या आखाड्यावरच्या निंबाखाली उभा केला. शेतात पीक उभे, खाली चिखल, तेव्हा यंत्राला काम नव्हते. आणि काम नसलेल्या यंत्राकडे लक्ष देण्याचेही काही काम असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. सरळ आकाशाकडे तोंड करून असलेल्या सायलेंसरवर साधा डबासुद्धा घातला नाही. श्रावण-भाद्रपदाचे पाणी त्या नळीतून थेंबाथेंबाने खाली गेले. इंजिन बंद झाले तेव्हा एका सिलिंडरची धूर सोडणारी झडप योगायोगाने उघडी राहिली होती, आणि तिच्यातून ते पाणी पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसले. सोयाबीन कापून सुडी लागली, हडंबा जोडायचा म्हणून चावी फिरवली, तर सेल्फचा ‘टक’ एवढाच आवाज आला. त्या क्षणी थांबलो असतो तरी बरे झाले असते, पण घाई होती, आभाळ भरून आले होते. दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून, गिअरमध्ये टाकून, आम्ही तो ओढला. गंजाने धरून ठेवलेल्या रिंगा त्या हिसक्याने तुटल्या.

ज्यांनी इंजिन उघडले ते वृद्ध मिस्तरी आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. सिलिंडरच्या आतल्या तांबूस वलयावर त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाले, “मालक, हे चालून नाही बिघडलं, उभं ठेवून बिघडलं.” मी म्हटले, “चाचा, मग उभं कसं ठेवायचं असतं ते सांगा.” त्यांनी जे सांगितले, आणि पुढे पुस्तिका वाचून व स्वतः करून जे मला पटले, ते येथे मांडतो.

प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते आपल्या देशाचे ऋतुमान. थंड देशांत अशी वाहने हिवाळ्यात मिटवून ठेवतात, म्हणून त्यांच्या पुस्तकांतील काळजी गोठणाऱ्या पाण्याची असते. आपले यंत्र नेमके वर्षातल्या सर्वांत ओल्या दोन-अडीच महिन्यांत रिकामे उभे असते, आणि आपली सारी काळजी दमट हवेची असली पाहिजे. अर्धी रिकामी डिझेलची टाकी घ्या. दिवसा तापते, रात्री निवते, आणि तिच्यातल्या हवेतील बाष्प पत्र्याला आतून दवासारखे धरून खाली तळाशी जमते. म्हणून उभे करण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे बाष्पाला जागाच उरत नाही. वापरलेल्या तेलात ज्वलनाची काजळी आणि आम्ले मिसळलेली असतात व ती महिनोन्महिने आतल्या धातूला खात राहतात. त्यामुळे तेल हंगाम सुरू होताना बदलण्यापेक्षा यंत्र उभे करण्याआधी बदलावे आणि थोडा वेळ इंजिन चालवून नवे तेल सर्वत्र खेळवावे. बॅटरीचा ऋण टोकाचा पट्टा आधी सोडावा, टोके स्वच्छ करून त्यांवर व्हॅसलीन लावावे, ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी पाहावी आणि महिन्यातून एकदा ती भारित करून घ्यावी, कारण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर जो कठीण थर चढतो तो पुढे निघत नाही. क्लचचे पेडल दाबून लाकडी खुंटीने तसेच अडकवून ठेवावे, नाही तर प्लेट दमटपणाने फ्लायव्हीलला चिकटते. जोडलेले अवजार जमिनीवर टेकवावे. सायलेंसरवर डबा घालावा. आणि मधूनमधून इंजिन सुरू करायचेच असेल तर पंधरा-वीस मिनिटे, पुरते तापेपर्यंत चालवावे. दोन मिनिटे धुरधुर करून बंद केले तर ज्वलनातून निघालेली वाफ आतच थिजते, आणि न चालवण्यापेक्षाही ते वाईट. हे सारे उघड्या अंगणात करावे, बंद खोलीत नव्हे. त्या धुराने माणूस मरतो. राहिले उंदीर. वायरींच्या आवरणाची त्यांना विलक्षण आवड, तेव्हा यंत्राजवळ धान्याचे पोते ठेवू नये.

यंत्र बिघडण्याआधी बोलते. त्याची भाषा कळणे फारसे अवघड नाही, कारण तिच्यातील निम्मे शब्द धुराच्या रंगात असतात. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. मळणीच्या दिवसांत बहुतेक वेळा हवेच्या गाळणीत साठलेली धूळ हेच कारण असते, आणि त्या गाळणीतील तेल धुळीच्या कामात रोज पाहण्याचा कंटाळा करणारा माणूस पुढे हजारो रुपये मिस्तरीला देतो. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे, रिंगा झिजल्या आहेत. पांढरा धूर सकाळच्या गारठ्यात क्षणभर दिसला तर चिंता नसावी. इंजिन तापल्यावरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी कोठून तरी आत शिरते आहे, आणि त्याच वेळी तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले की यंत्र तेथेच थांबवावे. डिझेल संपेपर्यंत चालवल्यामुळे बंद पडलेले इंजिन मात्र बिघडलेले नसते. नळीत हवा शिरलेली असते, आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत, फेस जाऊन निर्भेळ डिझेल येऊ लागेपर्यंत ती काढली की काम होते. एवढ्यासाठी शेतात अर्धा दिवस मिस्तरीची वाट पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. सोयाबीनच्या हंगामात पाणी उकळू लागले की लोक पाणीच ओततात, तेही तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून, आणि हात-तोंड भाजून घेतात. खरे कारण पुष्कळदा जाळीवर बसलेल्या भुसकटात असते. इंजिन निवू द्यावे, आणि जाळी आतल्या बाजूने बाहेर हवा मारून झाडावी.

हडंब्याविषयी जरा थांबून बोलले पाहिजे. ट्रॅक्टरच्या पाठीमागचा जो दांडा त्याला फिरवतो, तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातला रुमाल, सदऱ्याची बाही, पेंढ्या देणाऱ्या बाईचा पदर त्यात अडकला तर माणसाला ‘थांबवा’ म्हणण्याइतका अवकाश मिळत नाही. त्या दांड्यावर कारखान्यातून येताना कवच असते. ते तुटले की नवे बसवावयाचे सोडून काढून टाकण्याची जी वहिवाट पडली आहे, ती देखभालीतली हयगय म्हणून सोडून देता येत नाही. रोजंदारीवर आलेल्या माणसाच्या जिवाची ती हेळसांड आहे, आणि तिची जबाबदारी मालकावर आहे.

आता सरकारच्या कर्तव्याकडे वळतो. स्वातंत्र्यानंतर मध्य हिंदुस्थानातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, त्या कामाच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने 1949 साली एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि 1955 मध्ये नर्मदाकाठी बुधनी येथे ट्रॅक्टर-प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. यंत्रामागून शाळा आली, पण आली. आज केंद्र सरकारच्या अशा चार संस्था आहेत: बुधनी, हरियाणातील हिसार, आंध्रातील गार्लादिन्ने आणि आसामातील विश्वनाथ चारिआली. महाराष्ट्रात एकही नाही. ट्रॅक्टर घेण्यासाठी लाख-सव्वा लाखापर्यंत अनुदानाची तजवीज आहे, आणि ती असू नये असे मी मुळीच म्हणत नाही. पूर्वी बैलांसाठी तगाई मिळे, त्याच न्यायाने यंत्रासाठी मदत मिळणे योग्यच आहे. माझी मागणी एवढीच की या अनुदानासोबत छपराचाही एक लहानसा हिस्सा असावा, चार खांब आणि त्यांवर पत्रे उभे राहतील एवढा. आणि अनुदान मिळालेल्या प्रत्येक घरातील एका इसमास, तो मालकाचा मुलगा असो, मुलगी असो वा पगारी चालक असो, वैशाखात आठवडाभराचे शिक्षण तालुक्याच्याच ठिकाणी मिळावे. परभणीस 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, आयटीआयमधून ट्रॅक्टरदुरुस्तीचे शिक्षण दिले जाते, आणि कनेरगाव नाक्यासारख्या हमरस्त्यावरच्या गावांत तीस-तीस वर्षांचा अनुभव असलेले मिस्तरी आहेत. त्यांनाच मानधन देऊन शिक्षक करावे. मातीत बसून, उघड्या इंजिनापाशी शिकवणारा असा शिक्षक दुसरीकडे मिळणार नाही.

यावर कोणी म्हणेल की पाच एकरांच्या कुणब्याला स्वतःचे घर पत्र्याचे असताना यंत्राला वेगळे छप्पर कोठून आणावे. हा आक्षेप खरा आहे आणि तो मला वेदना देतो. परंतु ज्याच्यापाशी थोडे आहे, त्यालाच हे नुकसान सर्वाधिक सोसावे लागते. हप्ता सहामाहीला येतोच, इंजिन चालो वा बंद असो. निदान फाटक्या का होईना, पण ताडपत्रीचा, सायलेंसरवरच्या डब्याचा आणि चार आण्यांच्या लाकडी खुंटीचा खर्च कोणालाही परवडण्यासारखा आहे.

आमच्या आखाड्यावर आता दाराच्या मागे खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक शंभरपानी वही टांगलेली असते. पुस्तिकेत सांगितलेल्या तासांप्रमाणे, पहिल्यांदा 50 आणि पुढे साधारण दर 250 तासांनी, काय केले ते तीत लिहितो. ही सवय माझ्या पुतण्याला माझ्यापेक्षा लवकर लागली, आणि बहुतेक नोंदी त्याच्याच अक्षरात आहेत. गेल्या आषाढातील त्याची नोंद अशी: टाकी भरली. तेल व फिल्टर बदलला. बॅटरी काढून घरी नेली. क्लचला खुंटी. मागच्या डाव्या चाकाचा वॉल्व्ह गळतो, बदलायचा आहे. सायलेंसरवर डबा घातला.