बाटली दीडशेची, हिशेब महिन्याचा

मधुमेहाच्या औषधांचा विषय निघाला की ‘इन्सुलिन फार महाग’ हे वाक्य ठरलेलेच असते. ते अर्धेच खरे आहे. कारंजा लाड असो की मुंबई, साध्या मानवी इन्सुलिनची १० मिलिलीटरची बाटली मेडिकलमध्ये दीडशे ते पावणेदोनशे रुपयांच्या आसपास मिळते. मेडिकलच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या खणात पेनाने घ्यायचे नव्या प्रकारचे इन्सुलिन असते, आणि तेवढ्याच युनिटसाठी त्याचे कित्येक पट पैसे पडतात. रुग्णाचा महिन्याचा खर्च या दोन खणांपैकी कुठला उघडतो यावर ठरतो. आणि ते बहुतेक वेळा रुग्णाला न विचारताच ठरते.

स्वस्त बाटली आपोआप स्वस्त राहिलेली नाही. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत नाव असलेल्या औषधांची कमाल किंमत २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार केंद्राचे औषध किंमत प्राधिकरण ठरवते. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या सर्व ब्रँडच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि तीवर दुकानदाराचा १६ टक्के नफा धरायचा, असे त्याचे सूत्र आहे. मात्र ही मर्यादा यादीत नोंदवलेल्या ताकदीलाच लागू होते. एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असलेली मानवी इन्सुलिनची बाटली यादीत आहे. २०२२च्या यादीत दीर्घकाळ काम करणाऱ्या ग्लार्जिनचाही समावेश झाला. पण पेनात बसणारी बरीच इन्सुलिने यादीबाहेर आहेत आणि त्यांच्या किमती दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवायला कंपन्यांना मुभा आहे.

आता महिन्याचा हिशेब मांडू. दिवसाला ४० युनिट लागणाऱ्या रुग्णाला ४०० युनिटची एक बाटली दहा दिवस पुरते. महिन्याला तीन बाटल्या म्हणजे साधारण साडेचारशे ते सव्वापाचशे रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे शेतमजुराच्या घरात महिन्याचे इन्सुलिन सुमारे दीड दिवसाच्या मजुरीत बसते. जड आहे, पण अशक्य नाही. तेवढेच युनिट महागड्या पेनमधून घ्यायचे झाले, तर आठवड्याची मजुरीसुद्धा पुरी पडेलच असे नाही.

पेनला विरोध करण्याचे कारण नाही. नजर कमी झालेल्या वृद्धाला, शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा रात्री वारंवार साखर एकदम उतरणाऱ्या रुग्णाला पेन आणि नवे इन्सुलिन खरोखर उपयोगी पडते. पण सरसकट सगळ्यांना तेच हवे, असे विज्ञान सांगत नाही. साधनांची कमतरता असलेल्या भागांत मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी सुरुवात मानवी इन्सुलिननेच करावी आणि साखर वारंवार धोकादायक पातळीपर्यंत उतरत असेल तर दीर्घकाळ काम करणारे नवे इन्सुलिन द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये सांगितले. म्हणून चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी एक वाक्य बोलायलाच हवे: ‘याहून स्वस्त पर्यायही आहे, तुम्हाला तो चालेल का ते पाहू.’ रुग्णानेही हे विचारायला संकोच करू नये. मात्र स्वतःच्या मनाने बदल करू नये. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते आणि १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीच पट मात्रा शरीरात जाते आणि जीव धोक्यात येतो.

बाटलीपाशी खर्च थांबत नाही. साखर न मोजता इन्सुलिन घेणे म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणे. ग्लुकोमीटरची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांच्या आसपास पडते. दिवसातून दोनदा तपासायचे तर महिन्याला ६० पट्ट्या, म्हणजे नऊशे ते बाराशे रुपये. मोजमाप औषधाच्या दुप्पट महाग! सप्टेंबर २०२५मध्ये ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे बरे झाले. पण करकपातीने शंभर रुपयांतले सहा-सात रुपये वाचतात. पट्टीच घ्यायला पैसे नसलेल्या घराला त्याचा उपयोग थोडा.

तिसरा खर्च थंडाव्याचा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वैशाखात विदर्भात पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि फ्रीज प्रत्येक घरात नसतो. बाहेर राहिलेली बाटली दिसायला तशीच दिसते, पण तिचा गुण कमी होत जातो. साखर चढली की दोष पथ्याला दिला जातो. वापरात असलेली बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात किंवा माठाजवळ सावलीत ठेवण्याची रीत चांगली आहे. आशाताईंनी ती घरोघरी समजावून सांगावी.

या सगळ्यात सरकारी विम्याचा आधार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतात. रोजच्या टोचणीचा खर्च त्यांत बसत नाही. म्हणजे पैसे वाचवायला टोचण्या चुकवणाऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड निकामी झाले की डायलिसिसला सरकारी पैसा आहे, पण ते वाचवणाऱ्या पट्टीला नाही. हा हिशेब माणुसकीने तर चुकतोच, पैशानेही चुकतो.

उपाय हाताबाहेरचे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. या घोषणेला अर्थ तेव्हाच आहे, जेव्हा कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावी मानवी इन्सुलिन, सिरिंज आणि महिन्याच्या मोजक्या पट्ट्या खिडकीवर हमखास मिळतील. तुटवडा पडला की रुग्ण अकोला, अमरावती किंवा वाशिमची वाट धरतो. तिन्हीकडे साठ-सत्तर किलोमीटर. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून मोफत इन्सुलिन बाटलीपेक्षा महाग पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी थंड ठेवण्याची सवय आणि शिस्त पूर्वीपासून आहे. लसींच्या पेटीत दुसरे औषध ठेवायचे नसते हे खरे. पण इन्सुलिनसाठी वेगळा छोटा फ्रीज देणे आरोग्य खात्याला जड जाऊ नये. इन्सुलिनप्रमाणे तपासणीच्या पट्ट्यांनाही कमाल किमतीच्या चौकटीत आणायला हवे.

तोवर ग्राहकाने दोन गोष्टी कराव्यात. प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अॅपवर आपल्या औषधाची कमाल किंमत पाहावी, आणि जनऔषधी केंद्रात इन्सुलिन आहे का याची चौकशी करावी.

१९२३मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी इन्सुलिनचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. औषध कुणाच्याही आवाक्याबाहेर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. शंभर वर्षांनंतर कारंज्यात ते औषध आवाक्यात आहे. आवाक्याबाहेर राहिले आहे ते त्याच्या भोवतीचे सगळे.