नवजात बालकाची शुश्रूषा आणि लसीकरण : विश्वास कशावर ठेवावा?

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत घरात बाळ जन्मले की त्याच्याभोवती सल्ल्यांची गर्दी होते. पहिले पिवळसर दूध पिळून टाकावे, जन्मताच बाळाला आंघोळ घालावी, अशा जुन्या समजुती आहेतच. त्यांत आता मोबाईलवरून फिरणाऱ्या लसविरोधी मजकुराची भर पडली आहे. आईवडिलांची माया खरी असते. परंतु विश्वास कोणावर ठेवावा, हे त्यांना उमगत नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परिसरातील एका अनुभवात सापडते.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यात नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे ६२ बालके पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. रुग्णालय दूर होते. तेव्हा ३९ गावांतील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन 'आरोग्यदूत' करण्यात आले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत, त्याला उबेत ठेवण्यास व चिकाचे दूध पाजण्यास आईला शिकवीत. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकांचे उपचारही त्याच करीत. तिसऱ्या वर्षी मृत्यूंचे प्रमाण हजारी सुमारे २५ पर्यंत उतरले. ज्या गावांत ही सेवा नव्हती तेथे ते ६० च्या आसपासच राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याच नियतकालिकात १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा एक लेख आला होता. केवळ १२ मुलांच्या माहितीवरून त्यात गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचविला गेला. अनेक देशांतील पालक धास्तावले. पुढे त्या संशोधनातील गैरप्रकार उघड झाले आणि २०१० मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासातही २०१९ साली असा संबंध आढळला नाही. याउलट, गडचिरोलीच्या प्रयोगातून सिद्ध झालेली गृहभेटींची पद्धत भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

एकाच नियतकालिकातील या दोन लेखांचे भवितव्य असे भिन्न का झाले? एक कसोटीला उतरला, दुसरा उतरला नाही. म्हणून सांगणारा कितीही मोठा असला, तरी त्याचे म्हणणे पडताळले गेले आहे काय, हे विचारणे आवश्यक आहे.

लसीही या कसोटीतून गेल्या आहेत. जन्मानंतर बीसीजी, पोलिओ व कावीळ 'ब', पुढे ६, १० व १४ आठवड्यांनी पंचगुणी लस आणि ९ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेला, असा क्रम आहे. अशाच प्रयत्नांमुळे २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु लसीकरणात खंड पडला की काय होते, हे २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव व भिवंडी येथील गोवराच्या साथीने दाखवून दिले. लसीनंतर एक-दोन दिवस सौम्य ताप येऊ शकतो. हे आईला आधीच सांगितले, तर तो ताप अविश्वासाचे कारण ठरत नाही.

आरोग्यदूतांवर मातांनी विश्वास ठेवला, कारण त्या गावातल्याच होत्या आणि पुन्हा पुन्हा घरी येत होत्या. पवित्र मरियाही डोंगराळ प्रदेशातून एलिझाबेथच्या घरी गेली व सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, लस घेणे हे प्रेमाचे कृत्य असल्याचे सांगितले होते.

आपल्या धर्मग्रामांनाही हे सहज करता येईल. बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद करताना लसीकरणाच्या कार्डाचीही आपुलकीने विचारपूस व्हावी. मिस्सानंतर आशाताईंना दहा मिनिटे बोलण्यास बोलवावे. धर्मभगिनींनी बाळंतिणीच्या घरी जावे. बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड पडले असेल किंवा श्वास जलद चालत असेल, तर प्रार्थना अवश्य करावी. मात्र रुग्णालयाची वाट त्याच क्षणी धरावी. श्रद्धा आपल्याला डोळे मिटावयास सांगत नाही. देवाने सोपविलेल्या जीवाची राखण सत्य जाणूनच करावी लागते.